सर्व्हर कोणाच्या नावावर?

छोट्या कंपन्या, सेवाभावी संस्था, कॉलेजातल्या मुलांनी सुरू केलेले उपक्रम, परदेशातली मराठी मंडळे. यांच्या वेबसाइटचे मूळ शोधत गेले की बहुतेक वेळा एका माणसाचे वैयक्तिक जीमेल सापडते. क्लाउडचे अकाउंट त्याच ईमेलवर, क्रेडिट कार्ड त्याचेच, ओटीपीही त्याच्याच मोबाइलवर. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. सुरुवातीला संस्थेकडे पॅन नसते, बँकेत खाते नसते आणि साइट तर आठवड्याभरात चालू व्हायला हवी असते. कोणीतरी पुढे होतो, स्वतःचे कार्ड घालतो आणि काम उभे राहते. पुढे संस्था वाढते, माणसे येतात-जातात, पण क्लाउडवरचे नाव तेच राहते. ही टिपणे ते नाव बदलण्याच्या कामाबद्दलची.

*

सातबाऱ्यावर नाव कोणाचे, वहिवाट कोणाची आणि शेतसारा भरतो कोण, या तीन गोष्टी वेगवेगळ्या असू शकतात, हे गावाकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. क्लाउडवरही नेमके असेच असते. लॉगिन किती जणांकडे आहे, ही वहिवाट. अकाउंट कोणाच्या ईमेलवर उघडले आहे, हे सातबाऱ्यावरचे नाव. बिल कोणाच्या कार्डावर पडते, हा सारा. टीममधल्या सगळ्यांना लॉगिन दिले म्हणजे सर्व्हर टीमचा झाला, असा समज फार ठिकाणी दिसतो. प्रत्यक्षात फक्त वहिवाट वाटली गेलेली असते. ज्याच्या नावावर अकाउंट आहे त्याचे ईमेल बंद पडले, किंवा कार्डाची मुदत संपली, तर त्या सगळ्या लॉगिनांचा उपयोग नाही.

*

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट ठरवायची: अख्खे अकाउंटच टीमच्या नावावर करायचे, की अकाउंटमधल्या वस्तू एकेक करून टीमच्या नव्या अकाउंटात न्यायच्या?

अकाउंटात फक्त संस्थेचेच काम असेल तर पहिला मार्ग सोपा. अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएसवर अकाउंटचा मूळ मालक म्हणजे रूट यूजर. त्याचे ईमेल बदलून संस्थेचे सामाईक ईमेल घालायचे. तसेच फोन नंबर, पत्ता, कार्ड आणि लॉगिनच्या दुसऱ्या टप्प्याचे साधन बदलायचे. सर्व्हर, डेटाबेस, आयपी यांतले काहीही जागचे हलत नाही. रूट यूजरला २०२२पासून एकाऐवजी आठपर्यंत अशी साधने जोडता येतात, त्यामुळे एक चावी सचिवांकडे, एक तांत्रिक प्रमुखाकडे आणि एक संस्थेच्या तिजोरीत ठेवता येते.

अडचण होते ती सरमिसळीत. त्याच अकाउंटात त्या माणसाचा स्वतःचा ब्लॉग, मित्राच्या दुकानाची साइट, जुना प्रयोग असे बरेच काही असते. मग वस्तू एकेक करून हलवाव्या लागतात आणि प्रत्येक वस्तूचा नियम वेगळा.

*

ते नियम एकत्र लिहून ठेवले की पुढची निम्मी दमछाक वाचते. एडब्ल्यूएसपुरते हे पाहा:

सर्व्हरची डिस्क थेट जात नाही. तिचा स्नॅपशॉट काढून दुसऱ्या अकाउंटला दाखवता येतो आणि तिथे त्याची प्रत करता येते. पण डिस्क अ‍ॅमेझॉनच्या आयत्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेली असेल तर स्नॅपशॉट तसाच देता येत नाही. आधी आपण तयार केलेल्या किल्लीने त्याची नवी प्रत काढावी लागते.

ठरलेला सार्वजनिक आयपी, म्हणजे इलास्टिक आयपी, पूर्वी अकाउंटबाहेर नेता येत नसे. २०२२पासून नेता येतो. एका बाजूने देऊ करायचा आणि दुसऱ्या बाजूने सात दिवसांत स्वीकारायचा.

एसथ्री बकेट, म्हणजे फायली ठेवायची जागा, एका अकाउंटातून दुसऱ्यात जात नाही. नवी बकेट करून फायली उतरवाव्या लागतात. बकेटचे नाव साऱ्या जगात एकच असते. तेच नाव हवे असेल तर जुनी पुसून नवी करावी लागते आणि मधल्या काळात ते नाव दुसऱ्या कोणी घेतले तर हातचे गेले. म्हणून नाव बदलायला तयार राहावे आणि कोडमध्ये ते किती ठिकाणी लिहिले आहे ते आधी शोधावे.

रूट फिफ्टीथ्री या अ‍ॅमेझॉनच्या डोमेन-सेवेवर घेतलेले डोमेन दुसऱ्या अकाउंटला देता येते, मात्र समोरच्याने तीन दिवसांत ते स्वीकारले पाहिजे. डोमेनबरोबर त्याच्या डीएनएस नोंदी, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदी, जात नाहीत. त्या वेगळ्या मांडाव्या लागतात. डोमेन आले म्हणजे सगळे आले असे समजून जुने अकाउंट बंद केले, तर साइट आणि ईमेल दोन्ही एकदमच नाहीशी होतील.

*

इतर ठिकाणी रीत निराळी. गूगल क्लाउडवर काम 'प्रोजेक्ट'मध्ये असते आणि वैयक्तिक प्रोजेक्ट संस्थेच्या ऑर्गनायझेशनखाली हलवता येतो. प्रोजेक्टची ओळख तीच राहते, सेवा चालू राहतात. संस्थेचे नियम मात्र वरून लागू होतात, आणि बिलाचे खाते वेगळे असल्याने ते निराळे बदलावे लागते. अझूरवर सबस्क्रिप्शन दुसऱ्या डिरेक्टरीत नेले की जुन्या परवानग्या कायमच्या पुसल्या जातात. कोणाला काय परवानगी होती याची यादी आधी उतरवून घेतली नाही तर नंतर ती आठवणीतून लिहावी लागते. हेरोकूवर अ‍ॅप टीमकडे दिले तरी त्याचे नाव तेच राहते. डिजिटलओशनवर ड्रॉपलेटसाठी, म्हणजे तिथल्या सर्व्हरसाठी, स्नॅपशॉटची वाट आहे. म्हणजे मशीन नवे आणि आयपीही नवा.

एकूण पाहता, ज्या कंपन्यांनी 'मालक' आणि 'वस्तू' यांचा विचार सुरुवातीपासून वेगळा केला तिथे फक्त नोंद बदलते. जिथे तो एकत्र केला गेला तिथे वस्तू पुन्हा घडवावी लागते.

*

कोड जिथे ठेवतात त्या गिटहबवर रेपॉझिटरी वैयक्तिक खात्यातून ऑर्गनायझेशनकडे दिली की इश्यू, स्टार, इतिहास सगळे बरोबर जाते आणि जुन्या लिंक नव्या जागी वळतात. पण जुन्या खात्यात त्याच नावाची नवी रेपॉझिटरी कोणी केली की ते वळण तुटते. ज्याने दिली त्याला हे सांगून ठेवावे. चाचणीसाठी म्हणून तो सहज तेच नाव देईल.

*

एक प्रसंग जवळून पाहिलेला. पुण्यातल्या एका संस्थेची ग्रंथसूची एका मुलाने विद्यार्थी असताना उभी केली होती. आता तो म्यूनिकला नोकरीला. अकाउंट द्यायला तो मनापासून तयार होता, रविवारी सकाळी लवकर उठून व्हिडिओ कॉलवर बसलाही होता. संस्थेच्या बाजूने हिशेब पाहणाऱ्या ताई वही उघडून बसल्या होत्या. ईमेल बदलायचे बटण दाबले आणि ओटीपी गेला त्याच्या भारतातल्या जुन्या नंबरवर. ते सिमकार्ड सांगलीला, आईच्या फोनमध्ये.

काकूंना फोन लावला. देवपूजा चालू होती, तरी त्या आल्या. "थांब हां बाळा, चष्मा घेते," म्हणाल्या आणि एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. तोवर त्याची मुदत संपली. दुसरा मागवला. या वेळी त्यांनी आकडे आधी कागदावर लिहून घेतले आणि मग वाचले. अकाउंट संस्थेचे झाले. त्या सिमचा रिचार्ज काकू वर्षानुवर्षे न चुकता करत होत्या. का, ते त्यांना नीट ठाऊक नव्हते. मुलाने सांगितले होते, एवढेच. एका सार्वजनिक ग्रंथसूचीचा सगळा भार त्या रिचार्जवर होता. ताईंनी वहीत पुढची ओळ लिहिली: फोन नंबर बदलणे. माझ्या यादीत आता ती पहिली ओळ असते.

*

आयपी बदलणार असेल तर डीएनएसची तयारी आदल्या दिवशीच करायची. नोंदीची मुदत ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस असेल, तर बदल केल्यावरही जगभरातले सर्व्हर दिवसभर जुनाच पत्ता सांगत राहतील. ती ३०० सेकंदांवर आणायची, एक दिवस जाऊ द्यायचा आणि मगच पत्ता बदलायचा. त्या काळात जुना सर्व्हर चालू ठेवायचा, पण त्यावर लिहिणे बंद. नाहीतर काही देणगीदारांच्या नोंदी जुन्या डेटाबेसमध्ये पडतील आणि काहींच्या नव्या. मग दोन याद्या जुळवत बसावे लागेल.

*

नव्या अकाउंटला जुन्याची पत मिळत नाही, हे फार उशिरा लक्षात येते. अ‍ॅमेझॉनची ईमेल पाठवण्याची सेवा नव्या अकाउंटात 'सँडबॉक्स'मध्ये सुरू होते: २४ तासांत २०० ईमेल, आणि तीही आधी पडताळलेल्या पत्त्यांनाच. जुन्या अकाउंटाला अनेक वर्षांत मिळालेली मर्यादा तिथेच राहते. किती सर्व्हर चालवता येतील यावरही नव्या अकाउंटाला मर्यादा असते. साइट हलली, सगळे दिसते आहे, आणि पावत्यांचे ईमेल मात्र कोणालाच पोचत नाहीत, असे व्हायला नको. वाढीव मर्यादेचा अर्ज हलवाहलवीच्या बऱ्याच आधी टाकावा.

*

कार्डाचे. रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांविषयीचे नियम १ ऑक्टोबर २०२१पासून पूर्णपणे लागू झाले. ५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी कार्डधारकाची संमती लागू लागली. जून २०२२मध्ये ही मर्यादा १५,००० रुपये झाली. त्या काळात परदेशी होस्टिंग कंपन्यांची बिले भारतीय कार्डांवर अडकू लागली आणि ज्याच्या कार्डावर संस्थेचा सर्व्हर होता त्याला दर महिन्याला जागे राहून संमती द्यावी लागली. शिवाय बिल वैयक्तिक नावावर असेल तर कंपनीला जीएसटीचे इनपुट क्रेडिट मिळत नाही, १८ टक्के हातचे जातात. हिशेब तपासणाऱ्यालाही 'अमुक यांना परतफेड' या नोंदीखाली नेमके काय आहे ते कळत नाही. बिल संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या जीएसटी नंबरवर आले की सर्व्हरचा खर्च हिशेबात सर्व्हरचा खर्च म्हणूनच दिसतो.

*

कंपन्यांसाठी आणखी एक. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. ज्याच्याकडे रूटचे लॉगिन आहे तो माणूस विमानात असेल तर सहा तास कसे पाळणार? लॉग त्याच्या वैयक्तिक अकाउंटात असतील तर जपणार कोण?

*

सॅन फ्रान्सिस्को, जुलै २००८. शहराच्या फायबरवॅन नेटवर्कचा अभियंता टेरी चाइल्ड्स याने पासवर्ड द्यायला नकार दिला. नेटवर्क व्यवस्थित चालू होते, पण त्याच्याखेरीज त्यात कोणालाच शिरता येत नव्हते. त्याला अटक झाली. शेवटी पासवर्ड त्याने महापौर गॅव्हिन न्यूसम यांच्याच हाती दिले, तेही तुरुंगात. २०१०मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली.

ही गोष्ट सांगताना लोक बहुतेक त्याच्या हट्टाबद्दल बोलतात. मला शहराच्या प्रशासनाबद्दल बोलावेसे वाटते. एवढ्या मोठ्या शहराचे नेटवर्क एकाच माणसाच्या डोक्यात राहू दिले, सगळे सुरळीत चालले आहे म्हणून कोणी विचारले नाही, आणि विचारले तेव्हा प्रकरण भांडणापर्यंत गेलेले होते. भांडण सुरू झाल्यावर मागितलेली चावी म्हणजे आरोप वाटतो. तीच चावी चांगल्या दिवसांत मागितली तर साधे कार्यालयीन काम असते.

*

याच्या उलट उदाहरण, आणि मला फार आवडणारे. जगभरच्या संगणकांना कुठे किती वाजले ते सांगणारा टाइमझोनचा डेटाबेस आर्थर डेव्हिड ओल्सन हे अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नोकरी करता करता सांभाळत होते. आपल्या फोनमधले 'एशिया/कोलकाता' तिथूनच येते. ओल्सन यांची निवृत्ती जवळ आली म्हणून हे काम आयएएनएकडे, म्हणजे इंटरनेटचे आकडे-नावे सांभाळणाऱ्या संस्थेकडे, देण्याचा मसुदा आधीच करायला घेण्यात आला होता. सप्टेंबर २०११च्या अखेरीस एका ज्योतिषविषयक सॉफ्टवेअर कंपनीने कॉपीराइटचा दावा लावला आणि ऑक्टोबरमध्ये जुना सर्व्हर बंद झाला. पण १४ ऑक्टोबरला आयएएनएने काम हाती घेतले. दावा पुढच्या फेब्रुवारीत मागे घेण्यात आला आणि हस्तांतराची रीत सांगणारा आरएफसी ६५५७ हा दस्तऐवज त्याच महिन्यात निघाला. पॉल एगर्ट डेटाबेसचे समन्वयक झाले.

दोन आठवड्यांत हे जमले, कारण मसुदा तयार होता. तो नसता तर संकटाच्या दिवसांतच पहिला शब्द लिहायला लागला असता.

*

मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला तेव्हा विकिपीडिया चालत होता तो बोमिस या जिमी वेल्स यांच्या खाजगी कंपनीच्या जोरावर. विकिमीडिया फाउंडेशनची घोषणा झाली २० जून २००३ला, आणि डोमेन, हक्क, यंत्रसामग्री त्या संस्थेकडे गेली. म्हणजे मराठी विकिपीडियाचे पहिले काही आठवडे एका खाजगी कंपनीच्या छपराखालचे आहेत. त्यानंतर लेख लिहिणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाचे श्रम संस्थेच्या नावावरच्या जागेत पडले. जागा कोणाच्या नावावर आहे याची चिंता न करता लोक लिहीत राहिले. चांगल्या हस्तांतराचा फायदा असाच, काम करणाऱ्याला न जाणवणारा असतो.

*

त्याच जगातले दुसरे. विकिपीडियाच्या स्वयंसेवकांची साधने पूर्वी जर्मन विकिमीडियाच्या टूलसर्व्हरवर चालत. तिथे खाते बहुतेक व्यक्तीचे असे, त्यामुळे वेब पत्त्यात आधी त्या माणसाचे नाव आणि मग साधनाचे. माणूस काम सोडून गेला की पत्ताही मरे आणि हजारो पानांवरच्या लिंक तुटत. २०१४मध्ये टूलसर्व्हर बंद झाला आणि साधने टूल लॅब्जवर गेली, जे आज टूलफोर्ज आहे. तिथे प्रत्येक साधनालाच स्वतःचे खाते. सांभाळणारे कितीही जण त्यात जोडता येतात आणि पत्त्यात फक्त साधनाचे नाव. सोडून दिलेले साधन दुसऱ्या स्वयंसेवकाला रीतसर दत्तक घेता यावे म्हणून नियमही केलेला आहे. संपादनांची मोजदाद करणारे एक्सटूल्स असेच एका संपादकाच्या खात्यात सुरू झाले. आज ते एक गट सांभाळतो आणि मराठी विकिपीडियावरचे संपादकही ते वापरतात.

माणूस जाईल हे गृहीत धरून रचना केली, म्हणून साधन राहिले.

*

टीमच्या नावावर केले म्हणजे सगळे झाले, असेही नाही. सगळ्यांचे ते कोणाचेच नाही, हा अनुभव प्रत्येक सोसायटीच्या जिन्यात येतो. दहा जणांना मालकाची परवानगी देणे म्हणजे दहा दरवाजे उघडे टाकणे. माझ्या मते मालक दोन किंवा तीन. बाकीच्यांना कामापुरती परवानगी, आणि प्रत्येकाला स्वतःचे लॉगिन. एकच पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असेल तर ती टीमची मालकी नाही. उद्या कोणी काही पुसले तर कोणी पुसले हेही कळणार नाही. नूतनीकरणाची तारीख कोण पाहणार, बिल कोण मंजूर करणार, बॅकअप कोण उघडून तपासणार. प्रत्येकापुढे एक नाव आणि त्याच्या गैरहजेरीत दुसरे.

*

२०१४मध्ये कोड स्पेसेस नावाची कंपनी बंद पडली. हल्लेखोराने तिच्या एडब्ल्यूएसच्या नियंत्रण पटलात शिरून सर्व्हरही पुसले आणि बॅकअपही, कारण दोन्ही एकाच अकाउंटात होते. नाव बदलण्याच्या निमित्ताने हेही उरकून घ्यावे: बॅकअप वेगळ्या अकाउंटात, वेगळ्या लॉगिनखाली.

*

जुन्या घरात काय राहिले ते पाहणे. वैयक्तिक अकाउंटात पडून राहिलेले स्नॅपशॉट, डेटाबेसच्या प्रती, लॉग यांत लोकांची नावे, फोन, पत्ते असतात. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने जबाबदारी टाकली आहे ती डेटा गोळा करणाऱ्या संस्थेवर, पहिल्या दिवशी ज्याने कार्ड घातले त्या माणसावर नाही. नवे सगळे नीट चालते आहे हे पाहून, ठरलेल्या तारखेला दोघांनी मिळून जुने पुसावे आणि पुसल्याची नोंद ठेवावी. त्या माणसालाही यात मोकळेपण आहे. पुढे कधी डेटा फुटला तर संशयाची सुई त्याच्याकडे वळणार नाही.

टोकनांचेही तसेच. रात्रीचा बॅकअप, कोड सर्व्हरवर नेणारी व्यवस्था, पेमेंट गेटवे यांच्या तळाशी बरेचदा त्याच माणसाच्या नावाचे टोकन, म्हणजे प्रवेशाची किल्ली, असते. त्याचे खाते बंद झाले की हे सगळे कसलाही आवाज न करता थांबते. प्रत्येक टोकन नव्याने, संस्थेच्या नावावर काढावे.

*

तपासणीची एकच खरी रीत मला पटली आहे. पहिल्या मालकाला आठवडाभर फोन करायचा नाही. त्या आठवड्यात टीमने सर्व्हर एकदा बंद करून चालू करावा, एक बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून पाहावा, डीएनएसमध्ये एक किरकोळ नोंद घालून काढावी, बिलाची पावती डाउनलोड करावी. हे सगळे जमले तर सर्व्हर टीमचा झाला. कुठे अडले तर तो माणूस अजून आहे, विचारता येते. तो असतानाच हे करायचे, ते यासाठीच.

*

शेवटचे, पण माझ्यासाठी सर्वांत मोलाचे. ज्याने पहिल्यांदा स्वतःचे कार्ड घातले, रात्री-अपरात्री सर्व्हर चालू केला, मर्यादा ओलांडली तेव्हा स्वतःच्या पगारातून बिल भरले, त्याच्याकडून अकाउंट घेताना त्याला संशयित असल्यासारखे वाटू देऊ नये. त्याने भरलेले पैसे हिशेब करून परत द्यावेत. साइटच्या 'आमच्याविषयी' पानावर आणि प्रकल्पाच्या रीडमी फाइलमध्ये त्याचे नाव राहावे. परवानग्या काढताना त्याला आधी सांगावे आणि त्याच्या समोरच काढाव्यात.

आपल्या संस्थेच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एक ओळ घालावी: वेबसाइट, डोमेन, सर्व्हर आणि ईमेल कोणाच्या नावावर आहेत? उत्तर एका माणसाचे नाव आले तर त्या माणसाचे आभार मानून, त्याच बैठकीत तारीख ठरवावी. त्यालाही सुट्टीवर जाता आले पाहिजे, नोकरी बदलता आली पाहिजे, आजारी पडता आले पाहिजे. आणि तो नसताना लोकांनी साइट उघडली तर ती उघडली पाहिजे. ही दोन्ही कर्तव्ये एकाच फेरफारात पार पडतात.